मुलगी शाळेच्या हॉकी संघात गोलकीपर आहे. एक गोल बसला की खचते. तंत्रावर भर द्यावा की मन घट्ट करण्यावर?

तंत्रावर. मन त्यातूनच घट्ट होतं, हे मी मुलांना गोलकीपिंग शिकवताना बघत आलोय. 'हिंमत धर' असं मैदानाबाहेरून ओरडून हिंमत येत नाही. पुढच्या क्षणी काय करायचं हे अंगात भिनलेलं असलं की येते.

आधी बघा, तिच्यावर गोल पहिल्या फटक्याला बसतात की रिबाउंडला? शाळेच्या सामन्यांत मला रिबाउंडचेच जास्त दिसतात. ती पॅडने चेंडू अडवते, तो समोर पडतो आणि तिथे फॉरवर्ड टपलेलीच असते. हॉकीत गोलकीपरला चेंडू झेलून धरून ठेवता येत नाही, म्हणून अडवणं हे अर्धंच काम. जमिनीलगतचा चेंडू किकरने, म्हणजे बुटावर बांधलेल्या जाड पॅडने, बाजूच्या रेषेकडे काढायचा. डोकं आणि गुडघा चेंडूच्या वर, पाऊल किंचित तिरकं. डावीकडच्या उंच चेंडूला डाव्या हाताच्या प्रोटेक्टरने (हातावरच्या जाड पॅडने) बाजूची दिशा द्यायची. आणि लगेच उठायचं! पडल्यापासून पुन्हा दोन्ही पायांवर येईपर्यंतची हालचाल रोज करून घ्या. कंटाळवाणी आहे, पण जिद्द म्हणतात ती मला तिथेच दिसते.

गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच असतो. रेषेवर थांबलं तर तो सगळा राखावा लागतो. दोन पावलं पुढे आलं की फटका मारणारीला जागा कमी दिसते. मात्र फटका सुटताना पाय स्थिर हवेत.

तिला भारतीय महिला संघाची तेव्हाची गोलकीपर सविता पुनियाची टोकियो ऑलिंपिकमधली कामगिरी जरूर सांगा. आपल्या महिला संघाने तिथे नेदरलँड्स, जर्मनी आणि ग्रेट ब्रिटनविरुद्धचे पहिले तिन्ही सामने गमावले, 11 गोल खाल्ले. तीच सविता 2 ऑगस्ट 2021 रोजी उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियासमोर उभी राहिली. त्यांना 7 पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीमुळे गोलजवळून मिळणारी संधी) मिळाले, गोल एकही नाही. गुरजीत कौरच्या एका गोलवर आपण 1-0 जिंकलो. पुरुष संघाचा तेव्हाचा गोलकीपर श्रीजेश, त्याचंही तसंच. त्याच स्पर्धेत पुरुष संघ ऑस्ट्रेलियाकडून 7-1 हरला होता, आणि पुढे कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीचा अगदी शेवटच्या क्षणांतला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशनेच अडवला. तो सामना आपण 5-4 जिंकला.

गोल बसल्यावर तिला एक ठरलेलं काम द्या. सेंटर पास, म्हणजे गोलनंतर मैदानाच्या मध्यातून खेळ पुन्हा सुरू करणारा पास, होईपर्यंत बचावातल्या प्रत्येकीला नावाने हाक मारून जागा सांगायची. सगळं मैदान समोर दिसतं ते फक्त तिलाच, त्यामुळे हे काम नुसतं मन रमवण्यापुरतं नाही, संघालाही त्याची गरज असते. घरी आल्यावर किती गोल खाल्ले हे मात्र विचारू नका. किती चेंडू बाजूला काढले, ते विचारा.