बाबांना कृत्रिम फुफ्फुस बसवता येईल का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, माझे बाबा 58 वर्षांचे आहेत, फायब्रोसिसने दोन्ही फुफ्फुसं आखडलीयत, सुदामा नगरच्या आमच्या घरी ऑक्सिजनचं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) रात्रंदिवस चालू असतो. किडनी गेली तरी डायलिसिसवर लोक वर्षानुवर्षं काढतात, मग फुफ्फुसाचं तसं मशीन का नाही? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: ताई, डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. फुफ्फुसाला पाच मिनिटांचीही सुट्टी नाही, खरी अडचण तिथूनच सुरू होते.

मशीन आहे, एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळून परत आत सोडणारं यंत्र. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. बार्टलेट यांनी एका नवजात बाळाला त्यावर वाचवलं. आयसीयूत बघाल तर त्याच्या ऑक्सिजनेटर नावाच्या डब्यात काळपट रक्त शिरतं आणि दुसऱ्या नळीतून लालभडक होऊन निघतं, आत हजारो पोकळ तंतू असतात, तंतूंच्या आतून ऑक्सिजन आणि बाहेरून रक्त. आपल्या फुफ्फुसाचा पृष्ठभाग साधारण 70 चौरस मीटर, याचा दोनच्या आसपास, तरी काम भागतं!

पण प्लास्टिकला टेकलं की रक्त गोठायला लागतं. म्हणून स्टाफ टॉर्च मारून कोपऱ्यांत काळे डाग पडलेत का बघत असतो, डाग वाढले की डबा बदलायचा, आणि गोठू नये म्हणून हेपरिन द्यावं तर पेशंटला रक्तस्राव व्हायची भीती. म्हणून संशोधक आतल्या पृष्ठभागातून नायट्रिक ऑक्साइड सोडून बघतायत, कारण निरोगी रक्तवाहिनीचं अस्तर हेच करतं. पंपाशिवाय, हृदयाच्याच जोरावर चालणारी यंत्रं मेंढ्यांवर तपासली जातात, वजन माणसाच्या जवळपास आणि जनावर शांत म्हणून. तिथे दुसरा प्रश्न येतो, हृदयाच्या उजव्या कप्प्याची भिंत पातळ, यंत्राने रक्ताचा प्रवाह जरा जास्त अडवला की तो थकतो.

2016 मध्ये टोरंटोत एक पेशंट 6 दिवस फुफ्फुसांशिवाय यंत्रावर जगली, पण पुढे ट्रान्सप्लांट मिळालं म्हणून. घरी बसवून वर्षानुवर्षं चालेल असं यंत्र आज नाही, आणि त्याची वाट बघत तुम्ही वेळ घालवू नये असं मला फार कळकळीने वाटतं. बाबा चालतेफिरते आहेत तोवरच मुंबई, हैदराबाद किंवा चेन्नईच्या ट्रान्सप्लांट सेंटरला दाखवून घ्या, अंथरुणाला खिळल्यावर नेलं तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. जाताना जुने सगळे सीटी स्कॅन, सहा मिनिटं चालण्याच्या टेस्टचा रिपोर्ट सोबत घ्या, आणि प्रवासात ऑक्सिजन किती लागेल ते आधी इथल्या चेस्टच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.