पाच जणांसाठी डेक-बिल्डिंग गेम (खेळता खेळता पत्ते विकत घेऊन प्रत्येकानं आपापला कॅट घडवायचा असा) बनवतोय. हल्ल्याचे पत्ते ठेवूनही तो सगळ्यांना न्याय्य आणि मजेशीर कसा राहील?

एकच भिडू निवडून त्याच्यावर सोडता येतो असा हल्ल्याचा पत्ता आधी काढून टाका. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्याकडे असा एक पत्ता आहे, कोणावर टाकायचा ते खेळणाऱ्यानं ठरवायचं, पण किंमत चढी ठेवल्यामुळे तो 'बॅलन्स्ड' आहे. खरं तर मी या साइटवर फक्त वाचायला येतो. पण हे वाक्य मी एका माणसाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की राहवलं नाही.

तो माणूस म्हणजे माझा एकेकाळचा भागीदार. कंपनी वगैरे काही नाही, आम्ही दोघं मिळून हौसेनं एक गेम बनवत होतो. विषय एसटीचं आगार. प्रत्येक भिडू एकेका आगाराचा प्रमुख. सुरुवातीला हातात खटारा गाड्या आणि रिकाम्या फेऱ्या, मग हळूहळू बऱ्या गाड्या, मुरलेले वाहक, रातराणी, जत्रेच्या जादा गाड्या असं विकत घेत आपला कॅट सुधारायचा. दर पाळीला त्यातले पाच पत्ते हातात, वापरून झाले की बाजूला टाकायचे, आणि कॅट संपला की टाकलेले पिसून पुन्हा उचलायचे. 'पंक्चर' नावाचा भंगार पत्ता होता, तो हातात आला की नुसती जागा अडवायचा. इथपर्यंत सगळं झकास होतं. मग भागीदारानं 'चक्काजाम' आणला. किंमत ५. कुठलाही एक भिडू निवडा, त्याला हातातले दोन पत्ते टाकायला लावा, वर एक पंक्चर द्या.

त्याच्याकडे एक एक्सेल शीट होती. एक पत्ता उचलण्याचे इतके गुण, एका रुपयाचे इतके, समोरच्याचा पत्ता पाडण्याचे इतके. बेरीज मारली की पत्त्याची किंमत हजर. चक्काजाम त्या हिशेबात चोख बसत होता. आम्ही दोघंच खेळून बघितलं तेव्हाही काही खुपलं नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी पाच जणांचा डाव मांडला. तो, मी, माझी वहिनी, शेजारच्या काकू आणि त्याचा कॉलेजात जाणारा भाचा. काकू म्हणजे दुपारची रमी न चुकवणाऱ्या. वहिनीला दुसऱ्याच खरेदीत रातराणी मिळाली आणि ती पुढे गेली असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. भाच्यानं तिच्यावर चक्काजाम टाकला. त्याच फेरीत मामानंही टाकला. तिची पाळी आली तेव्हा हातात एकच पत्ता उरलेला, खटारा गाडी, म्हणजे एक रुपया. आमच्या बाजारात एका रुपयाला काहीही मिळत नव्हतं. "झालं माझं," म्हणाली. टाकलेले पत्ते गोळा केले, पिसले, नवे पाच उचलले. त्यातली दोन पंक्चरं. पुन्हा तिची पाळी येईपर्यंत पाचातले दोन परत गेले होते. मग तिनं सरळ विचारलं, "मी काय इथे पत्ते पिसायला बसलेय का?" आणि चहा टाकायला म्हणून उठली ती काही परत आली नाही. जिंकल्या काकू. त्यांच्यावर अख्ख्या डावात कोणी एक चक्काजाम टाकला नव्हता, आणि त्यांनीही कोणावर टाकला नव्हता. गुपचूप जादा गाड्या जमवत बसल्या होत्या.

भागीदाराचं म्हणणं असं की वहिनीनं रातराणी इतक्या लवकर घ्यायलाच नको होती. शीट बरोबर, पत्ता बरोबर, माणसं चुकीची खेळली. मी म्हटलं, माणसं अशीच खेळणार, आपण गेम माणसांसाठी बनवतोय. त्यावर तो म्हणाला, किंमत ५ ची ७ करू. तिथून जे बिनसलं ते बिनसलंच.

७ करूनही काही होणार नव्हतं, कारण दुखणं किमतीत नव्हतं. दोघांच्या डावात तुमचं जेवढं नुकसान तेवढा माझा फायदा. पाच जणांत मी पैसे मोजून, माझी चाल खर्चून तुमचे दोन पत्ते पाडले, तर उरलेल्या तिघांना तो फायदा फुकटात मिळतो. मारणारा मागे, मार खाणारा मागे, आणि गप्प बसलेल्या काकू पुढे. म्हणजे शहाण्या भिडूनं हा पत्ता विकतच घेऊ नये. घेतील ते खुन्नस म्हणून, नाहीतर शेवटी शेवटी आपण हरतोय हे दिसल्यावर 'तुला तर जिंकू देत नाही' म्हणून. मग डाव कोण जिंकणार हे हरलेला माणूस ठरवतो. भिडू किती आहेत याचा रकानाच त्या शीटमध्ये नव्हता.

"मग हल्ला सगळ्यांवर एकदम करू" हा पुढचा विचार. डॉमिनियन या गाजलेल्या गेमनं तेच केलं. २००८ साली डोनाल्ड एक्स. व्हॅकरिनोनं हा गेम काढून डेक-बिल्डिंग रुजवलं तेव्हापासून त्यातले बहुतेक हल्ले 'इतर प्रत्येक भिडू' असेच आहेत; कोणाला मारायचं हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे रुसवेफुगवेही नाहीत. पण इथेही भिडूंची संख्या आडवी येते. त्यातला विच नावाचा पत्ता बघा. ती टाकली की इतर प्रत्येकाला एक कर्स, म्हणजे उणे एक गुणाचा भंगार पत्ता. दोघांच्या डावात कर्स १० असतात, चौघांत ३०. सगळ्यांनी दर फेरीला एकेक विच टाकली असं धरा. दोघांत दर फेरीला प्रत्येकाच्या अंगावर एक कर्स, गठ्ठा पाच फेऱ्या पुरतो, प्रत्येकाच्या वाट्याला ५. चौघांत दर फेरीला प्रत्येकाच्या अंगावर तीन कर्स, गठ्ठा अडीच फेऱ्यांत खलास, वाट्याला सरासरी साडेसात. पत्ता तोच, किंमत तीच, पण चौघांत तो दीडपट जड आणि दुप्पट घाईचा होतो.

आता त्याच गेममधला मिलिशिया बघा. इतरांनी हातात तीन पत्ते उरेपर्यंत टाकायचे. 'दोन टाका' असं नाही, 'तीनवर या' असं. लागोपाठ तिघांनी मिलिशिया टाकला तरी तुमच्या हातात तीन पत्ते राहतातच; दुसऱ्या-तिसऱ्या माराला काही लागत नाही. चक्काजामवर एवढंच लिहिलं असतं तर वहिनीचा चहा वाचला असता. हल्ला ठेवायचाच असेल तर त्याला असा तळ ठेवा आणि तो सगळ्यांना लागू करा, बस.

आणि 'पत्ता एकदा छापला की छापला, खेळणाऱ्यांनी जमवून घ्यावं' असं कोणी तुम्हाला सांगत असेल, तर त्याच डॉमिनियनची २०१६ ची दुसरी आवृत्ती उघडून दाखवा. मूळ २५ पत्त्यांपैकी सहा त्यात काढून टाकलेत आणि त्यात दुसऱ्याची नाणी पळवणारा थीफही आहे. हा थीफ गमतीदार होता. बऱ्याचदा तो समोरच्याचं फालतू तांब्याचं नाणंच काढून न्यायचा आणि त्याचा कॅट आयताच साफ करून द्यायचा. करणाऱ्यानं स्वतः काढला, त्यात कमीपणा मानला नाही.

समान संधीबद्दल तुम्ही विचारलंय. सुरुवातीचा कॅट सगळ्यांना सारखा दिला की झालं, असं वाटतं. होत नाही. डॉमिनियनमध्ये सुरुवातीला प्रत्येकाला ७ कॉपर (एकेक रुपयाची नाणी) आणि ३ इस्टेट (गुणांचे पत्ते, हातात निरुपयोगी), त्यातले ५ उचलायचे. सहात एकदा असं होतं की पहिल्या दोन हातांत ५ आणि २ रुपये येतात, नाहीतर ४ आणि ३. चौघं बसले तर निम्म्याहून जास्त डावांत निदान एकाला तरी ही ५-२ ची सुरुवात मिळते. आणि विचची किंमत आहे ५. म्हणजे एकजण पहिल्या दोन पाळ्यांतच विच घेऊन बसतो, बाकीचे तिसऱ्या पाळीपर्यंत नुसते बघतात. यावर सोपा घरगुती नियम: पहिले दोन हात पिसून उचलायचेच नाहीत, सगळ्यांनी सारखीच वाटणी घ्यायची. पहिला कोण खेळतो यानंही फरक पडतो. स्टार रेल्म्स या दुसऱ्या डेक-बिल्डिंग गेममध्ये दोघांच्या डावात पहिला भिडू पहिल्या पाळीला पाचऐवजी तीनच पत्ते उचलतो, आणि डॉमिनियनमध्ये गुण सारखे झाले तर ज्यानं कमी पाळ्या खेळल्या तो जिंकतो. दोन्ही उचला, लाजू नका.

मागे पडलेल्याला वर काढायला काहीतरी हवं, असं तुम्ही म्हणता. भागीदाराचं यावरही औषध तयार होतं: शेवटच्या भिडूला दर फेरीला दोन रुपये अनुदान. परिणाम असा की दोनतीन जण मुद्दाम शेवटी राहायला बघू लागले. वेगळं अनुदान लागतच नाही, गुणांचे पत्ते कॅटमध्येच जाऊ द्या. डॉमिनियनमधला प्रॉव्हिन्स ८ रुपयांना मिळतो, ६ गुण देतो, पण हातात आला की त्याचा काडीचा उपयोग नाही. जो जास्त प्रॉव्हिन्स घेतो त्याचा कॅट आपोआप जड होतो. पुढे जाणाऱ्याला लगाम आहे, आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं विकत घेतलेला आहे, त्यामुळे कुरकुरही करता येत नाही.

मजा मरते ती बहुतेक वेळा वाट बघण्यात. पाच जणांत तुमची पाळी येईपर्यंत चौघं खेळतात, पिसतात, 'थांब, मला अजून एक चाल आहे' म्हणतात. म्हणून नवा हात पाळीच्या शेवटी उचलायला लावा, सुरुवातीला नाही. दुसरे खेळत असताना विचार करून होतो. आणि बाजार उघड्या रांगेचा ठेवणार असाल, म्हणजे मधे पाच-सहा पत्ते आणि घेतला की नवा उलटायचा, तर पाच जणांसाठी तो ठेवू नका. असेन्शन (२०१०) आणि स्टार रेल्म्स (२०१४) दोन्ही असेच आहेत आणि दोघांत मस्त चालतात. पाच जणांत तुमची पाळी येईपर्यंत रांग पार बदललेली असते, आधी ठरवलेलं सगळं पाण्यात. वर तुम्ही स्वस्तातलं काहीतरी उचलता आणि नेमका भारी पत्ता उलटून शेजाऱ्याच्या पुढ्यात पडतो. प्रत्येक पत्त्याचा कायमचा गठ्ठा ठेवा, सगळ्यांना सगळं दिसू द्या.

खरं म्हणजे पाच जणांचा गेम बनवूच नका. चौघांचा बनवा, पाचवा आला तर दोन टेबलं लावा किंवा रमी खेळा. मला माहितीय, खोक्यावर '२ ते ५' लिहिलं की बरं दिसतं.

हेही सांगायला हवं की मी हे घरातल्या माणसांचा डाव डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. हॉस्टेलवरची पोरं असतील, एकमेकांची जिरवण्यातच ज्यांना आनंद आहे, तर तुमचा पत्ता तिथे तुफान चालेल आणि मी सांगतोय ते त्यांना अळणी वाटेल. दोघांपुरताच गेम असेल तर वरचे निम्मे मुद्दे गळतात. आणि शीट अगदीच टाकाऊ नसते, पहिल्या किमती लावायला ती बरी पडते. फक्त पहिल्या पाच जणांच्या डावानंतर ती बंद करून कोण किती वेळ काही न करता बसलं होतं ते लिहून काढा.

पत्ते कुठे छापून घ्यावेत हाही प्रश्न आहे तुमचा. इतक्यात कुठेच नाही. बाजारातले साधे पत्त्यांचे कॅट आणा, प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घाला आणि वर कागदाचे तुकडे सरकवा. किंमत बदलली की तुकडा बदलायचा. स्लीव्ह न घालता नुसते कागद कापाल तर या प्रकारात इतकं पिसावं लागतं की दुसऱ्या डावापर्यंत पंक्चर कुठलं ते मागच्या सुरकुतीवरून सगळ्यांना कळायला लागतं.