मावेजा (जमिनीची भरपाई) उचलताना त्या एका ओळीसाठी अडून बसा

दादा, "साठवण तलावात चार एकर जातेय, साहेब म्हणतात आधी सही करून पैसे उचला, वाढीचं पुढं बघू" हे तुमचं वाचलं आणि आमचे आबा डोळ्यांपुढं आले. आमचं रान जायकवाडीत गेलं.

सातबारा, फेरफार तुम्ही बघितलेच असतील, त्यात शिरत नाही. एकच सांगतो. पैसे घेताना सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा, 'हरकत राखून रक्कम स्वीकारली', आणि त्या कागदाची नक्कल घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

आबांनी हे लिहिलं नाही. "रक्कम कमी वाटतीय" म्हणाले, तर कारकुनानं पावतीवरच्या तिकिटावर बोट ठेवलं, "इथं सही करा, बाकी होऊन जाईल." बांधाशेजारच्या काकांनी मात्र कुणाच्या तरी सांगण्यावरून ती ओळ लिहिली. माती एकच, भाव एकच. काकांना कोर्टातून वाढीव मावेजा मिळाला, उशिरा का होईना. आमचा अर्ज दारातच अडला, कारण 1894 च्या भूसंपादन कायद्यात विनाहरकत पैसे उचलले की कलम 18 खाली दादच मागता येत नव्हती. त्या टेबलावरच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, असं मला अजून पटत नाही.

मी वकील नाही. तुमचं प्रकरण 2013 च्या कायद्याखाली असेल, पण ही मेख त्यातही आहे. वाढीसाठीचा कलम 64 चा अर्ज, निवाड्याला म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश होताना हजर असाल तर, सहा आठवड्यांत द्यावा लागतो. सरळ खरेदीचा करार पुढं केला तर आधी वकिलाला दाखवा, तिथं हिशोब वेगळा.

धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. संभाजीनगर त्याच पाण्यावर जगतंय, मावसभावाचा ऊस डाव्या कालव्यावर उभा आहे. पण तो कालवा 208 किलोमीटरचा, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणीपाळी कधी येते ते त्यालाच विचारा. आणि नाथसागर, म्हणजे या धरणाचा जलाशय, पसरट, उथळ. उन्हाळ्यात किती पाणी नुसतं वाफ होऊन जातं! त्यासाठी आमची काळी गेली, हे मात्र गळ्याखाली उतरत नाही.

जाता जाता, संयुक्त मोजणीला स्वतः उभे राहा. विहीर, पाइपलाइन, झाडं एकेक करून पंचनाम्यात लिहून घ्या. आमचे दोन धरते आंबे 'इतर झाडे' म्हणून गेले.