जहाजावर लेकराले कोण पाहीन?

"मॅडम, जहाजावर म्हणे लेकरं सांभाळतेत. पण आमची तं आंगणवाडीतही बसत नाही. तिथी कसं होईन?"

दर शनिवारी मी वरुडला बसते. संत्र्याच्या या पट्ट्यात समुपदेशकाकडे माणसं येतात ती परीक्षा, लग्न, दारू नाहीतर कर्ज घेऊन. क्रूझ घेऊन कोणी आलं, ही पहिलीच वेळ. पण प्रश्न जुनाच होता. नोकरीला लागलेली आई विचारते, बी.एड.ला निघालेली विचारते: परक्या माणसाजवळ लेकरू ठेवावं का? आणि ठेवलं तर मी कशी आई? म्हणून कुटुंबाला विचारून, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

मुलगी साडेतीन वर्षांची. तिला चिऊ म्हणू. धाकटा दहा महिन्यांचा. सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून पुण्याच्या भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, सगळ्यांची सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझची तिकिटं काढली होती. संत्र्याचा आंबिया बहार व्यापाऱ्याला देऊन झाला होता, घरात पैसा होता, पासपोर्ट आले होते. आनंदाचं कारण ठरलेलं, आणि चिऊची आई माझ्यासमोर रडत होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पाण्यावर, परक्या मुलखात, कोण्या पोरीच्या हाती लेकरू देता? लाज नाही वाटत?"

मी तिला विचारलं, जहाजावरच्या मुलांच्या क्लबात मुलीला ठेवून तुला काय करायचंय? ती बराच वेळ पदर चाळवत राहिली. मग म्हणाली, "मले दोन घंटे झोपाचं हाये."

खरं सांगायचं तर माझं अर्धं काम तिथेच झालं होतं. दहा महिन्यांचं बाळ अंगावर पिणारं, पहाटे मोटर सुरू करायला उठणारा नवरा, घरात सहा जणांचा स्वयंपाक. या बाईला जहाजाची भीती नव्हती, झोप मागण्याची होती.

आता जहाजाचं. लोकांना वाटतं तिथे लहान मुलांसाठी एक खोली आणि एक आया असते. तसं नसतं. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर मुलांचा क्लब भाड्यातच धरलेला असतो, पण तो साधारण ३ वर्षांपासून पुढे. वयानुसार गट असतात. चित्रं, मुखवटे, गाणी, छोटे प्रयोग, खजिना शोधायचे खेळ. त्याखालच्या बाळांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, त्याचे तासाचे पैसे वेगळे आणि जागा मोजक्या. सहा महिन्यांखालचं बाळ बहुतेक कंपन्या जहाजावरच घेत नाहीत. सलग अनेक दिवस समुद्रातच असलेल्या सफरींना वर्षाची अट असते. आणि घरी कोणी सांगत नाही ती गोष्ट: क्लबात मूल स्वतः संडास-लघवीला जाणारं हवं. तिथली माणसं लंगोट बदलत नाहीत. कपडे ओले झाले तर आईबापाला बोलावतात.

हे ऐकून चिऊची आई पुन्हा खचली. दिवसा चिऊ नीट सांगायची, पण अंगणवाडीत सोडलं की चड्डीत व्हायची.

"सोडता कशी?"

"ती खेळाले लागली का मी हळूच निंघतो."

बापही तसाच. पहाटे वावरात जाताना पोरगी रडू नये म्हणून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत न्यायचा आणि तिथे किक मारायचा. प्रेमापोटीच. पण चिऊनं त्यातून काय शिकावं? की आपण खेळात गुंगलो की माणसं नाहीशी होतात. मग ती खेळायचंच सोडते, पदर धरून बसते, आणि आपण म्हणतो पोरगी हेकट आहे. आईपासून दूर होण्याची ही भीती आठ-नऊ महिन्यांच्या आसपास सुरू होते, दीड वर्षाच्या आगेमागे जोरात असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची ओसरू लागते. चोरून जाण्यानं ती ओसरायची थांबते. या एका बाबतीत मी आईबापांशी वाद घालते आणि हरत नाही.

जायला सात आठवडे होते. अंगणवाडीलाच आम्ही जहाज केलं. पहिल्या आठवड्यात आई दारातच थांबली. मग सांगून जायचं: "मी दळण टाकून येतो. खिचडी झाली का येतो." साडेतीन वर्षांच्या मुलीला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते. आणि खिचडी झाली की यायचंच, चक्कीवर कितीही गर्दी असो. रडली तर रडू द्यायचं, पण मागे वळून चार वेळा मिठी मारायची नाही. पहिले चार दिवस ती रडलीच. पाचव्या दिवशी सेविकाताईंनी सांगितलं, पाच मिनिटांत गप्प झाली आणि ताट मागू लागली. बापानंही गाडी दारातच सुरू करायची ठरलं. ते त्याला जास्त जड गेलं.

एक गोष्ट मात्र मला सुचली नव्हती, ती सेविकाताईंना सुचली. चिऊ लघवीला लागली की करंगळी वर करायची. आपल्याकडे सगळ्यांना कळतं. सिंगापूरच्या जहाजावर कोणाला कळणार? मग सगळी अंगणवाडी महिनाभर "टॉयलेट" म्हणत होती.

सासूबाईंशी वागताना माझी चूक झाली. पहिल्या भेटीत मी त्यांना अडाणी धरून क्लबातल्या मुलींचं प्रशिक्षण समजावत बसले. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठून गेल्या. दुसऱ्यांदा मी फक्त विचारलं, तुमच्या वेळी लेकरं कोण पाहायचं?

"कोण पाहीन? निंबाले झोयी बांधो अन् कापूस येचाले जावो. माही सात वर्षाची नणंद झोका दे. एकडाव मुंगळे चढले पोराले, तिले समजलंच नाही." थांबून म्हणाल्या, "तवा आंगणवाडी असती तं."

ही योजना २ ऑक्टोबर १९७५ पासूनची, पण त्यांच्या गावात ती पुष्कळ उशिरा आली. मुंगळ्यांच्या गोष्टीनंतर त्यांनी विरोध सोडला नाही, पण प्रश्न विचारायला लागल्या, आणि ते माझ्यापेक्षा चांगले होते. ताप आला तं? पोरगी न्यायले कोणी बी गेलं तं देऊन देईन का? आम्ही ते कागदावर लिहिले आणि भासऱ्यांनी कंपनीला विचारले. उत्तरं आली: उलटी-जुलाब असलेलं मूल क्लबात घेत नाहीत, कारण जहाजावर पोटाचा आजार झपाट्यानं पसरतो. हात साबणानं धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवायची नाही. उलटी-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. न्यायला कोण येणार त्यांची नावं आधी लिहून द्यायची. लंगोटातल्या बाळाला मोठ्या पोहण्याच्या हौदात मनाई. सासूबाईंना साबणाचं तेवढं पटलं.

जानेवारीत गेले, परत आले. पहिल्या दिवशी चिऊ दहा मिनिटं रडली, आणि तिची आई दोन तास दाराबाहेरच्या पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी चिऊनं जायलाच नकार दिला, नेली नाही. क्लब म्हणजे शाळा नव्हे, हजेरी लावायची नसते, हे आधीच बोलून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी खेकड्याचा मुखवटा रंगवायचा होता, म्हणून आपणहून निघाली. बाळ आजोबांच्या मांडीवर. आई झोपली. तासाभरात फोन आला, चड्डी ओली झालेली. तिनं जाऊन बदलली आणि परत येऊन झोपली. हे तिनं मला दोनदा सांगितलं: परत येऊन झोपली.

सासूबाई शेवटच्या भेटीला स्वतःहून आल्या. चिऊला न्यायला त्या एकदा एकट्याच वर गेल्या होत्या. कागदावर फक्त आईबापाचं नाव. तिथल्या मुलीनं हसून, हात जोडून नाही म्हटलं. सासूबाई वऱ्हाडीत भांडल्या, ती इंग्रजीत समजावत राहिली; चिऊ आतून "आजी, आजी" ओरडत होती, तरी दार उघडलं नाही. शेवटी आईला खाली जाऊन उठवावं लागलं.

"सख्ख्या आजीले देल्लं नाही बाई थ्या पोट्टीनं," त्या म्हणाल्या. गावात भेटेल त्याला त्या हे सांगत होत्या, आणि रागानं नव्हे.