'कट्यार' पडद्यावर जमला, मग बाकीची संगीत नाटकं का अवघड जातात?

तुम्ही विचारलंय की 'कट्यार काळजात घुसली' सिनेमा म्हणून एवढा चालला, तर बाकीच्या संगीत नाटकांचे सिनेमे फारसे का होत नाहीत, आणि पदं लांब असतात व आजच्या प्रेक्षकाला धीर नसतो हेच त्यामागचं कारण आहे का.

धीराचं कारण मला पटत नाही. २०१५च्या दिवाळीत लोक सहकुटुंब जाऊन रागदारी ऐकून आलेच की! खरी अडचण वेगळी आहे. मी हौशी संस्थांच्या संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो, त्यामुळे साथीला बसून जे दिसतं ते सांगतो.

नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते, आणि ते सगळ्यांना मान्य असतं. 'मानापमान'मधली भामिनी 'मला मदन भासे' गाते तेव्हा ती रंगमंचावरच्या कुणाला काही सांगत नसते, मनातलं थेट प्रेक्षकांपुढे मांडत असते. नट दोन पावलं पुढे येतो, ऑर्गनवर सूर भरला जातो, तबलजी त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. तान रंगली तर आवर्तनं वाढतात, 'वन्स मोअर' आला तर पद पुन्हा. तेवढा वेळ समोरचं पात्र काय करतंय, इकडे कुणी बघतही नाही.

कॅमेरा मात्र बघतो. तो चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की ही बाई आत्ता गातेय का आणि कुणासाठी, हा प्रश्न उठतोच. सिनेमावाल्याला त्याचं उत्तर आधी शोधावं लागतं. पदं किती कापायची हे नंतर.

'कट्यार'ला हे उत्तर नाटकातूनच आयतं मिळालं. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या १९६७च्या नाटकात पात्रंच गवई आहेत. दरबारात मैफल आहे म्हणून गातात, शिकायचंय म्हणून गातात, हरवायचंय म्हणून गातात. नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन प्रतिस्पर्धी गवयांसाठी दोन प्रकारे बांधलं: पंडितजींचं सालगवराळी रागात, खाँसाहेबांचं धानी रागात. दोन घराण्यांचं भांडण त्या दोन चालींतच ऐकू येतं, वेगळा संवाद लागत नाही. असं पद कापलं तर गोष्टच तुटते. दिग्दर्शक सुबोध भावे यांनी ते ओळखलं होतं, असं मला वाटतं. मिरजेत पंडितजी खाँसाहेबांना पहिल्यांदा ऐकतात तिथपासूनची हकिकत सिनेमा डोळ्यांसमोर घडवतो. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही बहुतेक अशाच जागी येतात, जिथे कुणीतरी खरोखर गायला बसलेलं असतं.

हीच युक्ती अमेरिकी दिग्दर्शक बॉब फॉसी यांनी १९७२मध्ये 'कॅबरे' हा सिनेमा करताना फार कठोरपणे वापरली होती. १९६६च्या ब्रॉडवेवरच्या मूळ नाटकात पात्रं घरात, खोलीतही गात. फॉसींनी ती गाणी काढून टाकली आणि जवळजवळ सगळं गाणं गोष्टीतल्या बर्लिनच्या क्लबच्या रंगमंचावर ठेवलं. बाहेर उरलं एकच, बागेतल्या बिअरच्या टेबलांमध्ये नाझी गणवेशातला पोरगा उभा राहून गातो ते. म्हणून ते अंगावर येतं. 'शिकागो' या सिनेमाने २००२मध्ये दुसरी वाट काढली: गाणी नायिकेच्या कल्पनेत घडतात.

'मानापमान'ला यातली पहिली सोय नाही. खाडिलकरांचं हे १९११चं नाटक. धैर्यधर सेनापती आहे, गवई नव्हे. त्याला आणि भामिनीला गायला कारण एकच, ते संगीत नाटकातले आहेत. भावे यांनीच २०२५मध्ये त्यावर सिनेमा केला, संगीतकारही पुन्हा शंकर-एहसान-लॉयच. त्यात नवी गाणी आहेत, पण मूळ नाटकातल्या गोविंदराव टेंब्यांच्या चाली डोक्यात घेऊन बसलेल्या माझ्यासारख्याला ती परकी वाटली. माझ्या शेजारच्या तरुण मंडळींना नाही वाटली, हेही नोंदवतो.

दुसरी अडचण आवाजाची. रंगमंचावर गाणारा आणि दिसणारा एकच. वसंतराव देशपांडे खाँसाहेब होते म्हणजे होतेच. सिनेमात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. पंडितजींचा शिष्य सदाशिव दिसतो सुबोध भावे आणि गातो अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतः गातात, आणि तो फरक मला डोळे मिटूनही कळतो. 'ले मिझराब्ल'च्या २०१२च्या सिनेमात नटांनी चित्रीकरणाच्या वेळीच गायलं. कानात पियानोची साथ, वाद्यवृंद मागाहून जोडलेला. त्यामुळे लय नटाच्या हाती राहिली. आपल्याकडे कुणी हे नेटाने करून बघावं, साथीला मी फुकट येईन.

उलट टोकाचं उदाहरण बालगंधर्वांचं: गळाही त्यांचा, चेहराही त्यांचाच. १९३५च्या 'धर्मात्मा'त ते पुरुषवेषात संत एकनाथ झाले, १९३७च्या 'साध्वी मीराबाई'त स्त्रीवेषात. रंगमंचावर ज्यांच्या स्त्रीभूमिकेने महाराष्ट्र वेडा झाला, तेच तेव्हा पन्नाशीजवळ होते. नाट्यगृहातल्या अंतराने आणि प्रकाशाने जे झाकलं जायचं, ते कॅमेऱ्याने झाकलं नाही.

टीव्हीसाठी मला तिसराच मार्ग बरा वाटतो: नाटकाचा सिनेमा करू नका, नाटकच नीट चित्रित करा. 'हॅमिल्टन' या अमेरिकी संगीत नाटकाचे प्रयोग २०१६मध्ये नाट्यगृहातच अनेक कॅमेऱ्यांनी टिपले आणि २०२०मध्ये घरोघरी दाखवले. प्रेक्षक हजर, टाळ्या हजर, त्यामुळे 'हे का गातायत' हा प्रश्न उठतच नाही. आपल्याकडच्या चित्रणांत बहुधा एक कॅमेरा लांब उभा असतो, ऑर्गन गायकाच्या डोक्यावर बसतो आणि तबला बादलीसारखा वाजतो. तीन कॅमेरे, साथीला वेगळे माइक आणि पद रंगात आल्यावर मध्येच प्रेक्षकांचे चेहरे न दाखवणारा संकलक, एवढं मिळालं तरी 'सौभद्र'सारखं जुनं संगीत नाटक घरी बसून बघता येईल.