वाचकांचे प्रश्न: मक्याच्या कणसाचा पाईप

प्रश्न : आमच्याकडे रब्बीत मका असतो. मळणी झाली की दाणे निघालेल्या कणसांचा ढीग खळ्यात पडून राहतो, थोडा चुलीत जातो. अमेरिकेतला भाचा सांगतो की तिकडे या कणसांपासून तंबाखू ओढायचे पाईप करणारा कारखाना दीडशे वर्षं चालू आहे. खरं आहे का? आणि असेल तर आपल्या मक्याचे पाईप का होऊ नयेत?
– एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : काय सांगस भाऊ, असं म्हणण्यासारखीच गोष्ट आहे, पण भाचा खरं बोलतोय. मिसुरी राज्यात मिसुरी नदीच्या काठी वॉशिंग्टन नावाचं छोटं गाव आहे. (राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं.) हेन्री टिबी नावाचा, हॉलंडहून आलेला खरादी (खरादावर, म्हणजे लेथवर, लाकूड घडवणारा कारागीर) तिथे लाकूडकाम करायचा. सांगतात ते असं, की 1869 साली एका शेतकऱ्याने स्वतः कोरलेला कणसाचा पाईप त्याच्याकडे आणला आणि असेच आणखी काही खरादावर करून मागितले. टिबीने चार जास्तीचे करून दुकानात ठेवले, ते विकले गेले. मग खुर्च्या-टेबलं मागे पडली आणि पाईपच पुढे गेले.

मी धुळ्याला आयटीआयमध्ये पोरांना लेथ शिकवण्यात नोकरी घालवली, म्हणून मला यातली खरी अक्कल कुठे दिसते ते सांगतो. एक वाळलेलं कणीस करवतीने आडवं कापा. मधे मऊ गाभा, त्याभोवती टणक कडं आणि बाहेर खड्ड्याखड्ड्यांचा भुसा. गाभा कोरला की भांडं तयार. तो भाग पोरसुद्धा करेल. अडचण बाहेरच्या खड्ड्यांची. टिबीने ते प्लास्टर ऑफ पॅरिसने भरले आणि वरून घासून गुळगुळीत केले. याच युक्तीचं पेटंट त्याला 1878 साली मिळालं. तुर्कस्तानात मीरशॉम नावाचा पांढरा, हलका, धूर थंड ठेवणारा दगड निघतो, त्याचे पाईप श्रीमंतांचे. टिबीने आपल्या कणसाला ‘मिसुरी मीरशॉम’ म्हणून टाकलं! 1907 पासून कंपनीचंच नाव ते झालं. एके काळी त्या भागात असे पाईप करणारे बरेच कारखाने होते, आज हा एक उरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा सेनापती जनरल मॅकआर्थर याच्या तोंडात जो लांब दांडीचा पाईप फोटोत दिसतो, तोही कणसाचाच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मक्याच्या संशोधकांनी काय केलं? कणीस बारीक आणि दाणा जास्त, असे संकरित वाण आणले. शेतकऱ्याचं भलं झालं, पाईपवाल्याचं कडं पातळ झालं. पातळ कड्याचा पाईप लवकर जळून भोक पडतं. शेवटी मिसुरी विद्यापीठाकडून जाड कणसाचं खास वाण तयार करून घ्यावं लागलं. तिथे दाणे काढलेली कणसं दोन वर्षं वाळत ठेवतात, मगच खरादावर चढवतात. तुमचं कणीस कापून बघा. आपल्या बाजारातल्या बियाण्याचं कडं बांगडीइतकंच भरतं, त्यावर हत्यार लावलं की चुरा.

आणि समजा जाड निघालं, तरी घेणार कोण? आपल्याकडे म्हाताऱ्यांची चिलीम मातीची, बाकीच्यांना विडी किंवा तळहातावर चोळलेली तंबाखू. पाईप ओढणारा मला सगळ्या नोकरीत एक साहेब भेटला, तोही मुंबईहून बदलून आलेला. तंबाखूच्या नादाला लागणारे आणखी वाढवावेत, असं मला वाटतही नाही.

म्हणून पाईप सोडा. त्याच टणक कड्याची भरड करून, चाळून, धातूचे छोटे भाग चकचकीत करायला वापरतात. फिरत्या पिंपात भाग आणि भरड एकत्र घालायची, कणसाचा कण तेल शोषतो आणि धातूला ओरखडा पडू देत नाही. अळिंबी (मशरूम) वाढवायच्या पिशव्यांतही दळलेलं कणीस चालतं. जवळच्या एमआयडीसीत आणि अळिंबी करणाऱ्यांकडे विचारून या, भाव त्यांच्याच तोंडून ऐका. तोवर ढीग ताडपत्रीखाली ठेवा. बुरशी चढलेल्या कणसाला यातलं कोणीच हात लावणार नाही.