पहिलं परीक्षण लिहिताय? मग एवढंच सांभाळा

'द क्युरिअस केस ऑफ बेंजामिन बटन' (2008) पहिल्या परीक्षणासाठी निवडलात, छान! पण हा 166 मिनिटांचा सिनेमा विरार लोकलमध्ये तुकड्यातुकड्यांनी बघू नका. संथ लय हाच त्याचा स्वभाव आहे, आणि दादर आलं की तो तुटतो. एका बैठकीत बघा. वही जवळ ठेवा, कंटाळा आला तिथलं मिनिट टिपा. नुसतं 'लांबलाय' लिहून भागत नाही. कुठला प्रसंग लांबला, ते लिहा.

नवखे हमखास चुकतात ते कथा सांगत बसण्यात. 400 शब्दांत कथेला 80 पुरे, शेवट तर नकोच.

अद्भुतरम्य कथेचा स्वतःचा एक नियम असतो. इथे, नायक म्हातारा जन्मतो आणि तरुण होत जातो. 'असं कसं शक्य आहे?' हा प्रश्न सोडा. त्या नियमामुळे प्रेमाचं काय होतं, नायक-नायिकेची वयं जुळतात तो काळ किती थोडा, यावर लिहा. खरं परीक्षण तिथेच आहे.

मेकअप, व्हिज्युअल इफेक्ट्सना ऑस्कर मिळालं, ते एका ओळीत उरका. अमेरिकी लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या मूळ कथेशी तुलना? ती पुढच्या वेळी.